खांबा, मामींना विचार

चर्चच्या मंडळीतलं कुणी पाळकाचं ऐकत नाही, यात नवल काहीच नाही. पण माझ्या मंडळीच्या वेशीवर एक बाई अशी होती की तिच्याशी बोलायचीच मला सोय नव्हती. ती माझी सासू.

आम्ही कारो लोक सासूला मामी म्हणतो, आणि मामी-जावयात रेबू पाळतो. थेट बोलायचं नाही, एका चटईवर बसायचं नाही, हातातली वस्तू हातात द्यायची नाही, आणि नाव तर मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. सांगायचं असेल ते तिसऱ्या माणसाकरवी. तिसरं माणूस नसलं तर चुलीला सांगा, खांबाला सांगा, दारातल्या कुत्र्याला सांगा. लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. कुत्र्याला काही लागत नाही एवढंच.

कबानजाहे शहरातल्या नव्या जावयांनी हे सगळं सोडून दिलं आहे. ते सासूला फोनवर फुलांची चित्रं पाठवतात. आमच्या मामी मात्र जुन्या खोडाच्या. एकदा चुलीवरून तेलाची कढई घसरली आणि मी न राहवून ओरडलो, "मामी, सरका!" पाय वाचला. त्यांनी पदर सारखा केला आणि चुलीला सांगितलं, "चुली, भाजलेला पाय महिन्यात बरा होतो. सासूवर ओरडलेला जावई जन्मभर गावाच्या तोंडी राहतो." त्यानंतर कितीतरी दिवस त्या आमच्या घराची पायरी चढल्या नाहीत.

सिनोडने, म्हणजे आमच्या चर्चच्या वरिष्ठ मंडळाने, मला बायकोच्याच गावी नेमलं तेव्हा लोक म्हणाले, नशीब काढलंस. त्या लोकांना सासुरवाडी नसावी. रविवारी मी ज्यांना आशीर्वाद देतो, त्यांच्याच घरच्या लग्नात गावचा जावई म्हणून मला डुकराच्या रश्श्याची पातेली घासावी लागतात. पातेलं नीट निघालं नाही तर पुढच्या रविवारचा उपदेशही त्यांना कच्चा वाटतो.

गेल्या वर्षी मामा, म्हणजे माझे सासरे, गेले. शेवटच्या आजारात त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता, म्हणून त्यांना चर्चमागच्या उतारावर, मंडळीच्या जागेत पुरलं. घरात रडणाऱ्या बायका, जेवणारे पाहुणे, आणि मी कुठे बसावं ते कळेना. तेव्हापासून मामींच्या मागच्या अंगणात, जळाऊ लाकडांच्या राशीपाशी, संध्याकाळी जाऊन बसायची मला सवय लागली.

संत्र्यांची तोडणी संपली आणि एका दुपारी मामी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. माझ्याकडे पाठ करून बसल्या, विडा गालात सरकवला आणि म्हणाल्या, "चुली, पाळकांना सांग, मला त्यांच्या मामांशेजारी जागा हवी. तो माणूस माझ्या घोरण्याशिवाय कधी झोपला नाही. तिथे डोळे टक्क उघडे टाकून पडला असेल."

मी चुलीला म्हणालो, ती जागा बाप्तिस्मा झालेल्यांची आहे.

"मग घाला म्हणावं पाणी."

"चुली, पाण्याने काय होणार? आधी विश्वास पाहिजे."

"तो शिकवायचा पगार घेतात ना, म्हणावं?"

दारात रेहुलिना, माझी बायको, उभी होती. आईने प्रभूकडे यावं म्हणून ती लग्नाआधीपासून प्रार्थना करत आली होती. ती दाराला धरून खालीच बसली. मामी गेल्यावर मला म्हणाली, "अहो, आईला नाही म्हणालात, तर उद्यापासून माझ्याशीही खांबामार्फतच बोलायचं."

मी शेजारच्या गावचे पाळक गिंतिंग यांना बोलवू म्हटलं. त्यावर मामींचा निरोप आला, की परक्याने येऊन डोक्यावर पाणी ओतायला मी काय कोबीचं रोप आहे?

म्हणजे घालायचं ते मलाच. पण माझं मन धजेना. या बाईला देव हवा आहे की जमिनीचा तुकडा, हे मला कळल्याशिवाय मी पाणी घालणार कसं? आणि जिच्याशी बोलता येत नाही तिच्या मनातलं कळावं कसं?

शिकवणी सुरू झाली. मामी आत चुलीपाशी, मी बांबूच्या कुडापलीकडे ओसरीवर, रेहुलिना मधे उंबऱ्यात. मामींचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. पण रिवाज असा की रेहुलिनाने माझ्याकडे वळून सांगितलं तेवढंच मी ऐकलं, बाकीचं ऐकलंच नाही. आणि आमची रेहुलिना म्हणजे कारल्याच्या भाजीतही गूळ घालणारी.

मी मोशे आणि जळत्या झुडपाची गोष्ट सांगितली. मामी म्हणाल्या, "देवाचा त्या मोशेशी रेबू होता का? झुडपाकरवी कशाला बोलला?" रेहुलिना माझ्याकडे वळली. "आई म्हणते, परमेश्वराची करणी अगाध आहे."

पाच भाकरींत पाच हजार लोक जेवून बारा टोपल्या उरल्याचं सांगितलं, तर मामींच्या मते स्वयंपाकाचा अंदाज चुकला होता. "आई म्हणते, प्रभू सगळ्यांना तृप्त करतो." शत्रूवर प्रीती करा म्हटलं, तर मामी म्हणाल्या, शेजारणीच्या कोंबड्या माझी मिरची उकरतात, आधी त्या आवरायला सांगा, मग प्रीतीचं बघू. "आई म्हणते, ती प्रयत्न करील."

हरकत तरी कशी घेणार? मी तर काही ऐकलंच नव्हतं. परीक्षा मामींची होती, पेपर रेहुलिना लिहीत होती, आणि पहिल्या नंबराने पास होत होती. घरी मी चिडलो की ती म्हणायची, "भाव तोच आहे हो, मी फक्त शब्द बदलले."

मग वडीलमंडळाची, म्हणजे चर्चच्या कारभारी ज्येष्ठांची, बैठक झाली. आमचे ज्येष्ठ वडील पुलुंगेन सेम्बिरिंग नियमाचे मोठे पक्के. त्यांचं घोडं तीन जागी अडलं. जावयाचा हात सासूच्या डोक्याला कसा लागणार? त्यावर नारळाच्या करवंटीची पळी निघाली, हात लांबच राहील. नाव कसं उच्चारणार? मामींनी आधीच रूथ हे नवं नाव निवडलं होतं, कारण बायबलातल्या त्या रूथने 'तू मरशील तिथेच मी मरेन आणि तिथेच मला पुरतील' असं म्हटल्याचं त्यांना फार पटलं होतं. पाणी पडेपर्यंत ते नाव मामींचं नव्हे, म्हणून मला उच्चारायला हरकत नाही, असं ठरलं. राहिलं पाण्याआधी विश्वासाच्या प्रश्नाला द्यायचं उत्तर.

"उत्तर लेकीने सांगितलं तरी चालेल," पुलुंगेन म्हणाले, "पण ते मामींचं पाहिजे, पाळकसाहेब. रेहुलिनाची जीभ किती गोड आहे ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्यात साखर दिसली तर बाप्तिस्मा मानणार नाही, आणि जागाही मिळणार नाही."

मी रेहुलिनाला बजावलं की त्या दिवशी एक दाणा साखर नको. तिने शपथेवर कबूल केलं. शपथ वाहू नये असं बायबलात सांगितलं आहे, पण मी तिला थांबवलं नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये ख्रिसमसलाही न फिरकणारे लोक आले. करवंटीने झालेला बाप्तिस्मा कुणी पाहिला नव्हता. मामी पहिल्या खांबाच्या आड उभ्या राहिल्या. विडा त्यांनी दाराबाहेर थुंकला होता. त्यांना विड्याशिवाय मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं, म्हणजे पाहिलं नाही, पण दिसलं.

मी म्हणालो, "रेहुलिना, तुझ्या आईला विचार, बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावर तिचा विश्वास आहे का?"

तिने विचारलं. मामी खांबाकडे बघत बोलायला लागल्या.

"रेहुलिना, त्यांना सांग. पुस्तकातलं मला निम्मं कळलं नाही. कोंबड्यांचं तर अजून पटलेलं नाही. पण तुझे बाबा गेले, पाहुणे जेवून आपापल्या घरी गेले, आणि घर मला खायला उठलं. तेव्हा हे पाळक रोज संध्याकाळी कुडामागे येऊन लाकडांशी बोलत बसायचे. पावसाचं, ज्वालामुखीच्या डोंगरातून पडणाऱ्या राखेचं, मिरचीच्या भावाचं. लाकडांना मिरचीच्या भावाशी काय करायचंय? ते माझ्याशी बोलणं होतं. बोलायची मनाई असताना जो बोलायची वाट काढतो, त्याला पाठवणारा कसा असेल ते मला कळतं. त्याच्यावर माझा विश्वास आहे. आणि तुझ्या बाबांशेजारची जागाही मला हवी आहे, तेही सांग. देवाच्या घरात खोटं कशाला बोलू?"

रेहुलिना माझ्याकडे वळली. तोंड उघडलं, पण त्यातून शब्द बाहेर येईना. नुसती रडत राहिली. साखर नको म्हणालो होतो, आता मीठही मिळेना.

माझी अवस्था विचारू नका. मी सगळं ऐकलं होतं आणि रिवाजाने काहीच ऐकलं नव्हतं. त्या लाकडांपाशी बसून मी बडबडायचो तेव्हा कुडापलीकडे कुणी ऐकत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर प्रार्थना करतानाही मला पुष्कळदा तसंच वाटतं. उपदेशात मी हे सांगत नाही.

मग घसा खाकरल्याचा आवाज आला आणि पुलुंगेन सेम्बिरिंग उठून उभे राहिले.

"पाळकसाहेब, त्या म्हणतात, पुस्तकातलं निम्मं कळलं नाही."

"कोंबड्यांचं पटलेलं नाही, असंही म्हणाल्या," मागून शेजारीण म्हणाली, आणि तिचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही लाकडांशी बोलत बसायचात, म्हणतात."

"राखेचं बोलायचात. आधी पावसाचं, मग राखेचं."

"मिरचीच्या भावाचं राहिलं."

आमच्या मंडळीचं एका स्तोत्राच्या चालीवरही कधी एकमत होत नाही. पण त्या दिवशी बाकाबाकावरून माणसं उठली आणि मामींचं बोलणं, एकेक तुकडा करून, एकमेकांना दुरुस्त करत, माझ्यापर्यंत आणून पोचवलं. शेवटी पुलुंगेन म्हणाले, "विश्वास आहे, म्हणतात. आणि जागाही हवी म्हणतात." मग हरकती टिपायला आणलेल्या वहीत काही न लिहिता ते खाली बसले.

मी करवंटी भरली. "रूथ," म्हणालो, आणि पुढचं माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. तीनदा थोडं थोडं घालायचं पाणी पहिल्याच खेपेला सगळं सांडलं. करवंटी पुन्हा भरावी लागली. मामी नखशिखान्त भिजल्या. मी डोळे पुशीत तिथेच उभा राहिलो.

"खांबा," मामी म्हणाल्या, "पाळकांचं रडून झालं असेल तर डोकं पुसायला फडकं द्या म्हणावं."

फडकं मी कठड्यावर ठेवलं आणि मागे सरलो. त्यांनी ते उचललं, आधी डोळे पुसले, मग डोकं.