नणंदेची किडनी

दोघींचं शिवणकामाचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. कापड बेतायची नणंद, शिवायची भावजय. नणंद पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची, खणखणीत आवाजाची. भावजय तिच्याहून बारा वर्षांनी लहान, पण बोलण्यात तसूभरही मागे नाही. गळा खोल झाला की उथळ, यावरून दोघींची जुंपली की गिऱ्हाइकं निवांत स्टुलावर बसून घ्यायची.

अडीच वर्षांपूर्वी भावजयीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर वेळी चार तास. दिवसभरात प्यायला मोजून तीन पेले पाणी. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. आपली किडनी द्यायला तो पहिल्या दिवसापासून तयार होता, पण त्याला मधुमेह. डॉक्टरांनी त्याला लगेच बाद केलं.

एका मंगळवारी भावजय दवाखान्यातून परतली, तेव्हा नणंदेनं तिच्यापुढे एक कागद सरकवला.

"माझं रक्त तुझ्याशी जुळतंय."

"तुम्ही तपासलंत कधी?"

"मागच्या आठवड्यात. सांगितलं असतं तर भांडली असतीस."

"मग आता नको भांडू?"

"भांड की. फक्त पुढच्या तपासण्यांच्या तारखा ठरल्यात, तेवढ्या सांभाळ."

भावजय तीन दिवस भांडली. उद्या ताईंना काही झालं तर, हे एकच तिचं पालुपद. नणंदेनं तिला डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं आणि एका किडनीवर माणूस किती वर्षं जगतो, काय काय करू शकतो, ते सगळं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. चौथ्या दिवशी भावजय मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला आणि मान वर न करता म्हणाली, "बरं."

त्या दिवशी नणंदेनं एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

ऑपरेशनआधी एका समितीपुढे जावं लागलं. देणारी खरंच स्वखुशीनं देते आहे ना, हे त्यांना पाहायचं होतं.

"तुमच्यावर घरातून कुणी दबाव आणलाय का?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"माझ्यावर दबाव आणणारा माणूस आमच्या घरात नाही. बाहेर माझा भाऊ बसलाय, त्याला विचारा."

"मग का देताय?"

"ती आमच्या घरी आली तेव्हा वीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाली, ताई, तुम्हाला ताप आहे, पडा जरा. तोवर माझा ताप कुणाच्या लक्षात आला नव्हता." मग नणंद टेबलावरचं पेन उचलून म्हणाली, "सही कुठे करायची?"

ऑपरेशनच्या दिवशी नवरा सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होता. दुपारी डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. दोघी ठीक होत्या. किडनी जोडून रक्त सोडल्यावर ती टेबलावरच गुलाबी झाली आणि कामालाही लागली होती.

"कामाला म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"लघवी व्हायला लागली."

चारचौघांत तो शब्द कधी न उच्चारणारा हा लाजाळू माणूस. त्यानं तिथूनच पंधरा नातेवाइकांना फोन लावले आणि प्रत्येकाला मिलिलिटरमध्ये आकडा सांगितला. अख्खा व्हरांडा ऐकत होता. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी आजोबांनी उठून त्याचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय शुद्धीत, पण काचेच्या खोलीत. नर्सनं तिच्यापुढे पाण्याचा मोठा तांब्या ठेवला.

"सगळं?"

"सगळं. संपलं की आणखी देते. आजपासून भरपूर प्यायचं."

ती घोट घोट पीत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

तिकडे नणंद चाकाच्या खुर्चीसाठी हट्ट धरून बसली होती. शेवटी दुपारी तिला काचेपर्यंत आणलं. पोटावरचे टाके सांभाळत तिनं बोटानं खूण केली: किती? भावजयीनं चार बोटं दाखवली. चार लिटर लघवी झाली होती. नणंदेनं खुर्ची ढकलणाऱ्या वॉर्डबॉयकडे अशा तोऱ्यात पाहिलं, जणू पोर पहिली आली होती.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला परवानगी दिली. भावजयीचं माहेर बसनं चौदा तासांवर. आजारपणात तिकडे जाणं झालंच नव्हतं. यंदा दुकानाला कुलूप लावून दोघी निघाल्या. खिडकीजवळ कोण बसणार, इथपासून तोंड सुरू झालं आणि उतरेपर्यंत चाललं.

भावजयीची म्हातारी आई दारात उभी होती. लेक हात पसरून पुढे झाली, पण आई तिला ओलांडून थेट नणंदेकडे गेली आणि तिला घट्ट मिठी मारली. कितीतरी वेळ सोडलंच नाही. एरवी कुणाला जवळ न घेणारी नणंद आधी ताठ उभी राहिली, मग हळूच तिनं हनुवटी म्हातारीच्या डोक्यावर टेकवली.

"आई, लेक मी आहे," भावजय मागून म्हणाली.

"थांब गं," आई म्हणाली. "तुझाही नंबर लागेल."

मग भावजय हसत पायरीवरच बसली.