दादाला कुनी विचारलं न्हाई

दादा रशियातनं घरी आला. त्याच्या बॅगेची चेनबी अजून आमी उघडली नव्हती, तवर भागवत सरपंचानं त्याची मिरवनूक ठरवून टाकली.

आमच्याकडं मिल्ट्रीतला मानूस रिटायर होऊन आला का मिरवनूक निघती. फुलं लावलेली उघडी जीप, पुढं डीजे, बाया दारात ताट घेऊन उभ्या, बारकी पोरं झेंडे घेऊन जीपमागं पळत्यात. वेशीत आधी भाषनं हुत्यात, मग जीप सगळं गाव फिरून त्या मानसाला घरी सोडती. मला ते लई आवडायचं. पन ते आपल्या मिल्ट्रीतल्या मानसाचं. माझा दादा, अजिनाथ, आपल्या मिल्ट्रीत कधी नव्हताच. भरतीला पळाला तवा पळन्यात पास झाला आन छातीत कमी भरला. परत गेला, परत तेच. मग त्याला नगरात एक एजंट भेटला. रशियात गोडाऊनवर हेल्पर पाहिजेत, म्हनला. दादा गेला. तिकडं उतरल्यावर तिकडच्या भाषेतल्या कागदावर सही घेतली, वर्दी दिली आन युक्रेनच्या लढाईत नेऊन सोडला. गोडाऊन त्यानं डोळ्यानं बघितलं न्हाई.

हे सगळ्या गावाला म्हाईत. तरी मिरवनूक.

मला मिरवनूक नको हुती, मला दादा पाहिजे हुता. जायच्या आधी आमी दोघं एवढी बडबड करायचो का आई म्हनायची, जेवताना तरी तोंड मिटा. मी कुनाशी भांडून आले का पहिलं दादाला सांगायचे, आन तो म्हनायचा, "मोने, तू दुसऱ्याचं ऐकून घेती कधी, आधी ते सांग." आता आल्यापसनं माझ्याशी एक धड वाक्य न्हाई. हां. न्हाई. ठेव तिथं. एवढंच. चहा दिला तर कपाकडं बघायचा, माझ्याकडं न्हाई. डाव्या हाताची दोन बोटं मिटत न्हाईत त्याची. गाईखाली बसला, धार काढायला गेला, जमलं न्हाई, उठला. मी म्हनलं दादा राहू दे, मी काढते. तर बादली तिथंच ठेवून गेला उसाकडं.

घरात चौघं, आन मला येड्यासारखं एकटं वाटायचं. तो तिकडं हुता तवा एवढं वाटत नव्हतं. तवा निदान फोनची वाट बघायची हुती.

एक दिवस शेजारच्या उसावर ड्रोननं फवारनी चालली हुती. आमच्याकडं आता सगळेच ड्रोन बोलवत्यात, त्यात नवल न्हाई. मी बांधावर गवत कापत हुते. दादा सरीतनं चालला हुता. ड्रोनचा आवाज आला आन दादा दिसायचा बंद झाला. मी उठून बघितलं तर सरीत पालथा पडलेला, तोंड चिखलात, हात डोक्यावर. ड्रोन लांब गेल्यावर उठला. गुडघे झटकले. मी दिसले त्याला.

"पाय घसरला," म्हनला.

आल्यापसनचं त्याचं हे सगळ्यात मोठं वाक्य, आन तेबी खोटं.

मी घरी येऊन अण्णांना, म्हंजी आमच्या वडलांना, सांगितलं का मिरवनूक नका करू. दादाला झेपनार न्हाई. अण्णा फेट्याचं कापड बघत बसलेले. दादा तिकडं अडकला हुता तवा अण्णा डेअरीवर दूध घालायला गेले का लोकं म्हनायची, काय मच्छिंद्र, पोरगं दुसऱ्याच्या बांधावर भांडायला धाडलं व्हय? काष्टीच्या बाजारात जनावराचा व्यापारीबी तेच. अण्णांनी बाजार सोडला, डेअरी सोडली. आता तीच लोकं फेटा बांधायला येनार म्हनल्यावर अण्णा माझं कशाला ऐकत्यात. एकदा मला मान वर करून गावातनं जाऊ दे, म्हनले. मी म्हनलं, तुमची मान हाय, दादाला कशाला बसवताय जीपमधी. मग आईनं मला तिथनं हाकललं.

दादाला कुनी विचारलंच न्हाई. म्हंजी अण्णांनी विचारलं, पन कसं, तर "रविवारी हाय बरं का" असं. दादा म्हनला, हां.

शुक्रवारी भागवत सरपंच फ्लेक्स दाखवायला घेऊन आला. वर झेंडा, मधी दादाचा तिकडच्या वर्दीतला फोटो, शेजारी त्याच्यापेक्षा मोठा सरपंचाचा. खाली लिहिलेलं, देशाच्या स्वातंत्र्यासाठी सातासमुद्रापार लढलेला आपला वाघ.

"कुठल्या देशाच्या, तात्या?" मी विचारलं.

"देश म्हंजी देश. तेवढं बारीक लिहायला जागा हाय का तिथं?"

"पन दादा तिकडं लढला त्यानं आपलं इथं काय राखलं?"

सरपंच खुर्चीत नीट बसला. त्याला असं समजावून सांगायला लई आवडतं. रशिया आपला दोस्त, म्हनला. दोस्ताच्या बांधाला आग लागली तर आपल्या उसाला झळ लागती का न्हाई? मग आपलं पोरगं तिथं उभं राहिलं म्हनून तर आपन इथं मोकळे हिंडतोय.

"दादा आग इझवायला गेल्ता का लावायला, तुमाला म्हाईत हाय का?"

"मच्छिंद्रा," सरपंच अण्णांकडं बघून म्हनला, "पोरगी लई चावरी झाली. शाळा सोडली का असं हुतं."

मी काय बोलले ते इथं सांगत न्हाई. पन जाता जाता तो म्हनला का मिरवनुकीची ड्रोननं शूटिंग करायची हाय, तवा मी त्याच्या मोटरसायकलपुढं जाऊन उभी राहिले. ड्रोन उडाला तर दगडानं पाडीन, म्हनलं, आन माझा नेम गावाला म्हाईत हाय. ते त्याला पटलं. एवढं एकच माझं ऐकलं कुनीतरी.

मग मी आप्पासाहेबांकडं गेले. आप्पा आपल्या मिल्ट्रीतले रिटायर सुभेदार. गावात कुठलीबी मिरवनूक त्यांना पुढं घातल्याशिवाय निघत न्हाई. त्यांनी नको म्हनलं असतं तर सरपंचाची टाप नव्हती. आप्पा वट्यावर लसूण सोलत बसले हुते. मी एका दमात सगळं सांगितलं. दादा आपल्या सैन्यात नव्हता, त्याला फसवून नेला, मग ही शाल आन ही जीप कशाची? तुमाला तर राग आला पाहिजे, म्हनलं.

आप्पांना राग आला न्हाई. म्हनले, "मी लंकेत गेल्तो. तुझा बापबी शाळेत हुता तवा. लंका काय आपल्यावर चालून आली नव्हती. तरी मला जीपमधी बसवलंच का न्हाई?"

"तुमाला सरकारनं धाडलं हुतं."

"व्हय. फरक हाय. लई फरक हाय." लसनाची टरफलं त्यांनी मुठीत घेतली. "आमाला सांगितलं, तिथली आग इकडं येऊ नये म्हनून जायचं. गेलो. आग आली न्हाई. आता मी गेलो म्हनून आली न्हाई, का येनारच नव्हती, हे कोन सांगनार?"

"मग तुमी दर पंधरा ऑगस्टला शाळेत तेच सांगता. आमी तिकडं लढलो म्हनून तुमी इथं मोकळे."

"माझ्याबरोबरची पोरं तिकडंच राहिली. त्यांच्या घरी निरोप घेऊन मी गेल्तो. एकाची आई शेवगावकडची. तिनं विचारलं, कशापायी गेला माझा? काय सांगायचं तिला? तेच सांगितलं. मग सांगत राहिलो." आप्पांनी मुठीतली टरफलं वट्याखाली टाकली. "ते बोलनं मेलेल्याच्या घरासाठी हाय, पोरी. जिता आलेल्याला त्याचा उपेग न्हाई."

"मग थांबवा की मिरवनूक."

आप्पांनी मान हलवली. तुझ्या बापाला ती पाहिजे, म्हनले. अजिनाथला नको असंल तर त्यानं म्हनावं.

आन दादा तर कायच म्हनत नव्हता.

रविवारी सकाळीच जीप आली. झेंडूच्या माळा, बोनेटवर फ्लेक्स. दादाला पांढरा शर्ट घातला, फेटा बांधला. फेटा बांधनारा पोरगा म्हनला, हसा की जरा. दादा हसला. तो हसला तसा मी कधी बघितला नव्हता, म्हंजी दात दिसले, बस.

वेशीत ही गर्दी. आप्पा मेडलं लावून आलेले. जीपवर दादा, अण्णा आन सरपंच उभे. मी खाली, बायांच्या पलीकडं, डीजेच्या टेम्पोला टेकून. माझ्याकडं कुनी बघत नव्हतं. सरपंचानं भाषन केलं. तेच बांध, तेच आग, तेच मोकळे. टाळ्या पडल्या. मग त्यानं दादाच्या हातात माईक दिला, दोन शब्द बोल म्हनला.

मला वाटलं, हां म्हनंल आन परत देईल.

दादानं माईक तोंडाजवळ धरला. लई हळू बोलला, पन मला सगळं ऐकू आलं, कारन स्पीकर माझ्या डोक्यावर हुता.

"मी कुनाला वाचवलं न्हाई," म्हनला. "तिकडं आमचा साहेब मोबाईलवर भाषा बदलून रोज ऐकवायचा. तुमी इथं लढताय म्हनून आमच्या घरची पोरं निवांत झोपत्यात. मग पलीकडचा एक आमच्या हाती सापडला. तोबी तेच म्हनला. पन त्याचं घर तिथनं दिसत हुतं. पत्रा उडालेला हुता. आमी खड्डा खनला ते सूर्यफुलाचं वावर हुतं. काळी जमीन, आपल्या नदीकाठची असती तशी. कुनीतरी पेरलेलं हुतं, काढायचं राहिलेलं. तुमी इथं मोकळे हाय ते माझ्यामुळं न्हाई. मी गेलो नसतो तरी मोकळेच असता. आन मी तिथं एका..."

इथं तो थांबला.

डीजेवाल्याला वाटलं संपलं. सरपंचानं हात वर करून जय म्हनलं, गर्दीनं जय म्हनलं, आन डीजे सुरू झाला. टाळ्या, शिट्ट्या, गुलाल. पुढं उभी असलेली पोरं नाचायला लागली. मी बघत हुते, एकाच्याबी तोंडावर काय ऐकल्याचं दिसत नव्हतं. दादाच्या हातात माईक तसाच. ओठ हलत हुते. त्यानं गर्दीवरनं नजर फिरवली, इकडनं तिकडं, कोनतरी ऐकतंय का बघावं तशी. माझ्यापर्यंत ती आलीच न्हाई.

माझं डोकं फिरलं. टेम्पोच्या मागं जनरेटर. मी नुस्ती पिन काढायला गेले, पन रागात ओढली ती वायरच तुटून हातात आली.

एकदम चिडीचूप. नाचनारी पोरं हात वर करून तशीच उभी. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. डीजेवाला शिव्या देत उतरला. मी त्याच्याकडं बघितलंबी न्हाई.

"दादा, बोल," मी म्हनले. "आता बोल."

दादानं माझ्याकडं बघितलं. आल्यापसनं पहिल्यांदा नीट बघितलं. लई वेळ. मग माईक अण्णांच्या हातात दिला आन म्हनला, "झालं."

वायर काय जुळली न्हाई. सरपंच खाली उतरून डीजेवाल्याशी बोलत राहिला तो परत जीपवर चढलाच न्हाई. मला वाटलं अण्णा मला मारनार. अण्णा ड्रायव्हरला म्हनले, चालू दे.

जीप निघाली, बिनआवाजाची. टायरखाली खडी वाजत हुती तेवढीच. पहिल्या आळीत बायांनी ओवाळलं, पन गानं नसल्यावर त्यांनाबी कसंतरी वाटलं, घाईघाईनं ताट फिरवून आत गेल्या. पोरं देवळापर्यंत आली आन तिथनं क्रिकेट खेळायला पळाली. बाप्ये एक एक करून टपरीवर थांबले. आप्पा कॅनॉलच्या पुलापर्यंत आले, मेडलं वाजवत. पुलावर थांबून दादाला काहीतरी म्हनले आन माघारी वळले. पुढं आमच्या वस्तीचा रस्ता, दोन्हीकडनं ऊस, आन जीपमागं चालनारी मी एकटी. अण्णांची मान वर हुती का खाली ते मला मागनं कळत नव्हतं, नुस्ता फेटा दिसायचा.

घरापुढं ड्रायव्हरनं विचारलं, हिथंच ना? अण्णा उतरून आत गेले. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. ड्रायव्हर गाडीवरच्या माळा काढायला लागला, त्याला संध्याकाळी नवरदेवाची ऑर्डर हुती.

दादा फेटा काढून वट्यावर बसला. मी गाईची वैरन उचलली.

"मोने," तो म्हनला. "तू शाळा कवा सोडली?"

एवढे दिवस मी ह्याच्याच एका वाक्याची वाट बघत हुते. आन ते आल्यावर मला काय झालं काय म्हाईत, असा संताप आला. तिकडं कुनाच्यातरी वावरात तू खड्डे खनत बसला, आन आता विचारतोय. तिकडनं कायबी राखलं न्हाई, खरंय तुझं, हिथलं माझं तर मुळीच न्हाई. पन हे मी मोठ्यानं बोलले न्हाई.

"तुला काय करायचंय," एवढंच म्हनले आन गोठ्यात गेले.

आत वैरन टाकली. पानी पाजलं. गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बाहेर काही आवाज नव्हता. मग मी तिथनंच बोलले, भिताडाकडं तोंड करून. तू गेल्यावर दोन महिन्यानं सोडली. अण्णा डेअरीवर जाईनात, मग दूध घालायला कोन जानार. वर्ग सकाळचा हुता. बाईंनी दोनदा फोन केला, मग बंद केला. मला गनिताचं काय वाटत न्हाई रे, मला इंग्रजीचं वाईट वाटतं, ते मला यायला लागलं हुतं. आन तू तिथं एका, म्हनून थांबला, ते एक काय ते मला सांग. आज नको. पन मला सांग, बाकीच्यांना नको सांगू.

सगळं बोलून झाल्यावर मी बादली घेतली आन धारेला बसले. तो वट्यावर हुता का उठून उसाकडं गेला, मी वळून बघितलं न्हाई.