मिलकाची कार्डं

मिलका पेझारकरच्या नातीचा मेसेज आला तेव्हा रत्नप्रभाबाई मुलुंडच्या घरात खिडकीशी बसून वाल सोलत होत्या. मेसेज इंग्रजीत होता. सून जान्हवीने तो आधी मनातल्या मनात वाचला आणि मग चष्मा कपाळावर सरकवून ती म्हणाली, "आई, तुमच्या मिलकाचं काही ठीक दिसत नाही."

रत्नप्रभाबाईंचा हात वालावरच थांबला.

"आहे ना पण?"

"आहेत हो. विसरायला लागल्यात. नात म्हणते, सगळं आयुष्य जी हिब्रू बोलल्या, तीच आता येत नाही त्यांना. फक्त मराठी बोलतात. आणि त्यांच्या घरात मराठीचा एक शब्द कुणाला कळत नाही."

लहानपणी घाटकोपरच्या डोंगराखालच्या चाळीत रत्नप्रभाबाईंची, तेव्हाच्या रत्नाची, खोली आणि पेझारकरांची खोली यांच्यामध्ये एक फळ्यांची भिंत होती. तिला भिंत म्हणायचं ते फक्त भाडं घेणाऱ्याने. एकीकडे फोडणी पडली की दुसरीकडे शिंक यायची. रत्नाचे वडील गिरणीत होते आणि मिलकाचे रेल्वेच्या कारखान्यात. दोन्ही घरं कोकणातली. रत्नाचं मालवणकडचं आणि मिलकाचं अलिबागकडचं, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांना खवल्याचाच मासा चाले. म्हणून कोळीण आली की रत्नाची आई टोपलीत हात घालून आधी खवलं बघायची आणि भिंतीकडे तोंड करून सांगायची, "पेझारकरीणबाई, आज तुमचो मासो हा, येवा." शुक्रवारी सांजेपासून शनिवारी सांजेपर्यंत पेझारकरांकडे धर्माप्रमाणे विस्तवाला, बटणाला हात लावत नसत. तेवढ्यासाठी शुक्रवारी काळोख पडायच्या वेळी फळीवर टकटक व्हायची. "रत्ने, ये गं." रत्ना जायची, दिवा लावायची आणि गव्हाच्या चिकाच्या हलव्याची वडी तोंडात टाकून परत यायची.

विशीत मिलका आईबापांबरोबर इस्रायलला गेली. तिकडे हैफाजवळच्या एका गावात तिने इराकी घराण्यातल्या मुलाशी लग्न केलं. त्या गावात मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मराठी फक्त रत्नाला लिहिलेल्या पत्रांत उरली, पुढे फोनवर. गेल्या वर्षापासून फोनही येईनासा झाला होता. रत्नप्रभाबाईंनी ते वयावर ढकललं होतं.

नातीचं नाव याएल. ती शिकवणीसारखं मोबाइलवर मराठी शिकत होती. जान्हवीने ते सॉफ्टवेअर आपल्या फोनवर घेऊन सासूबाईंना दाखवलं. एक कार्ड येतं, त्यावर मराठी शब्द. आपण अर्थ आठवायचा आणि मग कार्ड उलटायचं. आठवला असं सांगितलं की ते कार्ड लांब जातं, दिवसांनी, महिन्यांनी परत येतं. नाही आठवला तर थोड्या वेळात पुन्हा दारात हजर.

"म्हणजे उधारी मागणाऱ्या वाण्याच्या पोरासारखं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आणि शब्द कुठले आहेत?"

"तयार संच उतरवलाय तिने. विमानतळ. ग्रंथालय. पर्यावरण."

"मिलका कधी गेली होती ग्रंथालयात? शाळेची पुस्तकं भेळवाल्याला देऊन आली होती ती."

याएलची विनंती एवढीच होती. आजीच्या मैत्रिणीने आजीच्या उपयोगाचे शब्द आणि वाक्यं आपल्या आवाजात बोलून पाठवावीत. ती त्यांची कार्डं करील आणि पाठ करील. आजी संध्याकाळ झाली की काहीतरी मागत राहते, रडते, ताट ढकलते. तिचं वजन उतरत चाललं आहे. अशीच राहिली तर तिला वृद्धांच्या संस्थेत ठेवावं लागेल, असं याएलचे वडील म्हणत होते.

"संस्थेत तर हीसुद्धा पोर नसेल तिच्यापाशी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि वालाचं पातेलं बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटपल्यावर काम सुरू झालं. पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज येत होता. सुटे शब्द सहज निघाले, पण एकेका शब्दापाशी जान्हवीला थांबावं लागे. 'मोरी' म्हटलं की मोरीवर कुणाकुणाची भांडणं झाली ते यायचं. 'गोधडी' म्हटलं की त्या गोधडीत कुणाच्या कुठल्या परकराचा तुकडा होता ते.

"आई, कार्डावर एवढं मावत नाही हो."

"मग नको मावू दे. तू ऐक."

वाक्यांची वेळ आली तेव्हा मात्र रत्नप्रभाबाई उठल्या, पदर नीट केला आणि खुर्चीत ताठ बसल्या. परदेशात जाणार होतं हे. आकाशवाणीवरच्या बाईंसारखा घसा साफ करून त्यांनी एकेक वाक्य सावकाश उच्चारलं. "कृपया जेवून घ्यावे." "आपणास कोठे दुखते?" "आपण आता विश्रांती घ्यावी."

"आई, तुम्ही बातम्या द्यायला जायला हवं होतं," जान्हवी म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. रत्नप्रभाबाई त्या दिवशी खुशीत होत्या.

याएल मेहनती निघाली. थोड्याच दिवसांत तिने एक व्हिडिओ पाठवला. खुर्चीत मिलका होती. केस पांढरे, गाल आत गेलेले, पण नाक तेच, पोपटाच्या चोचीसारखं. समोर एक कुरळ्या केसांची मुलगी ताटली घेऊन उभी होती. तिने पाठ केलेलं वाक्य न चुकता म्हटलं, "आजी, कृपया जेवून घ्यावे."

मिलकाने गाऊन गुडघ्यांवर ओढून घेतला. दोन्ही हात मांडीत दडवले. मान खाली घालून म्हणाली, "होय बाई. जेवले बाई."

ताटली भरलेलीच होती.

सोबत याएलने लिहिलं होतं, तिला आधी आनंद झाला, कारण आजीने उत्तर दिलं होतं. पण मग रोज तेच व्हायला लागलं. आधी आजी ओरडायची, ताट ढकलायची, तरी रागारागात दोन घास जायचे. आता ती प्रत्येक गोष्टीला 'होय बाई' म्हणते आणि काही खात नाही. वडील शनिवार झाला की संस्था बघायला जाणार आहेत. याएलने विचारलं होतं, माझे उच्चार चुकतात का?

जान्हवीने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"उच्चार चांगले आहेत पोरीचे," त्या म्हणाल्या. "मीच घाण केली."

"तुम्ही काय केलंत?"

"देवी टोचणारे यायचे ना गं चाळीत, तेव्हा ही अशीच बसायची. हात लपवून. 'टोचलंय बाई, टोचलंय.' आणि टोचलेलं नसायचं. आमच्याकडे असलं 'कृपया' आणि 'आपण' बोलत कोण यायचं? टोचणारे, नाहीतर खोली खाली करा म्हणणारे. घरातलं माणूस असं बोललंय कधी? ती घाबरलीय, जान्हवी. तिला वाटतंय सरकारी बाई आलीय घरात, आणि मीच ती आत सोडली."

"पण तुम्ही चांगलं बोलायला म्हणून..."

"हो ना. पाहुण्यांना चांगली चादर घालतात, तसं. मिलका पाहुणी कुठली?"

वाक्यं पुन्हा बोलून द्यायला त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसल्या, पाठ भिंतीला टेकली, गुडघे वर घेतले. पंखा सुरूच ठेवायला सांगितला. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी एकदम आवाज टाकला, "मिलके, गिळलंस काय गं?"

जान्हवीने रेकॉर्डिंग थांबवलं. "आई, हे कार्डावर घालायचं? ती पोर आपल्या आजीला असं म्हणणार?"

"मग? तिच्याशी सरळ कोण बोललंय? पुढचं घे. 'उठ की भवाने, किती लोळशील?' 'बघू काय दुखतंय, नाटकं नको.' 'मी हाय ना हितं.'"

याएलचा प्रश्न आलाच. 'भवाने' ही शिवी आहे का? जान्हवीने बराच विचार केला आणि लिहिलं, आहे, पण जवळच्या माणसालाच देतात. रत्नप्रभाबाईंनी आणखी दोन गोष्टी सांगायला लावल्या. आधीची वाक्यं फोनमधून साफ पुसून टाक, नाहीतर ती परत परत समोर येतील आणि जिभेवर बसतील. आणि उभी राहून बोलू नकोस. खाली बस.

शनिवार गेला. रविवारीही काही आलं नाही. रत्नप्रभाबाईंनी रविवारची कोलंबी केली आणि त्यात मीठ घालायला विसरल्या. जान्हवीने ते बोलून दाखवलं नाही, वरून मीठ घेतलं.

सोमवारी व्हिडिओ आला. याएल फरशीवर मांडी घालून बसली होती, वाडगा मांडीत. तिने वर बघून, चुकतमाकत विचारलं, "मिलके, गिळलंस काय गं?"

मिलका तिच्याकडे टक लावून बघत राहिली. तोंड वाकडं झालं. रडते की काय असं वाटलं. मग म्हणाली, "गिळते गं. तुझ्या बापाचं खाते काय?" आणि वाडगा ओढून घेतला. खाता खाता तिची बडबड सुरू झाली, ती व्हिडिओ संपला तरी चालूच होती.

संस्थेचं बोलणं मागे पडलं. काही आठवड्यांनी याएलने विचारलं, प्रत्यक्ष बोलायचं का आजीशी? रत्नप्रभाबाईंनी केस विंचरले, ठेवणीतली नारायणपेठ काढली, मग परत ठेवून रोजचीच नेसल्या. "सरकारी बाई वाटायला नको," म्हणाल्या.

पडद्यावर मिलका आली. आता गाल जरा भरले होते. याएल तिच्या पायाशी बसून तिची नखं कापत होती.

"मिलके," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आणि पडद्याच्या जवळ सरकल्या.

मिलकाने डोळे बारीक करून पाहिलं. मग खाली वाकून याएलच्या खांद्यावर हात ठेवला. "रत्ने, ही म्हातारी कोण गं? आपल्या चाळीतली नाय वाटत."

जान्हवी पुढे सरकली. "अहो मावशी, ह्याच तर..."

रत्नप्रभाबाईंनी तिचं मनगट धरलं. पडद्यावरची ती कुरळ्या केसांची रत्ना त्यांच्याकडे गोंधळून बघत होती. तिला 'म्हातारी' कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. रत्नप्रभाबाईंनी तिला मानेनेच सांगितलं, राहू दे.

"मी मुलुंडची," त्या म्हणाल्या. "इकडून चालले होते. म्हटलं डोकवावं."

"मग उभ्या का? बसा की," मिलका म्हणाली. "आलात तर जेवून जावा. रत्ने, वाढ गं ह्यांना."

याएलने नेलकटर खाली ठेवलं, उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला.

"आई," जान्हवी हळूच म्हणाली, "हा 'वाढ' आपण नव्हता ना दिला?"

"नाही."

"मग हिला कसा कळला?"

"आजीने शिकवला असेल," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आणि जेवण येईपर्यंत पडद्यासमोर बसून राहिल्या.