दोर सुटल्यावर

माझ्या नवऱ्याने, बाचिच्चाने, इटलीतल्या सावोनाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं जहाजांचे दोर बांधले आणि सोडले. स्वतः मात्र एकाही जहाजातून प्रवास केला नाही. "मी वर चढलो तर खाली दोर कोण सोडणार, तुझा बाप?" असं मलाच विचारायचा. या सप्टेंबरात चढला तो माझ्या हट्टापायी. हट्ट तरी कसला, पैज होती ती.

गेली दोन वर्षं त्याचं डोकं गळक्या बादलीसारखं झालंय. आमचा मुलगा लोरिस रविवारी जेवायला आला की बापाला विचारायचा, "बाबा, आज वार कोणता?" दर रविवारी तीच परीक्षा. एकदा बाचिच्चाच्या कानात उत्तर सांगताना मी पकडले गेले.

"आई, पुरे झालं," लोरिस म्हणाला. "ऑक्टोबरपासून बाबा वृद्धाश्रमात. तुझ्याच्याने आता होत नाही."

"आठ दिवस आम्ही दोघं बोटीवर जाऊन येतो. धडधाकट परत आणला, तर तू तोंड मिटायचंस."

"आणि काही झालं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

बोटीच्या फॉर्मवर आजारांची लांबलचक यादी होती. मी वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहिलं.

मार्से बंदरात बोट लागताना हा भल्या सकाळी डेकवर उभा, आणि खालच्या पोरांना नावं ठेवणं सुरू. "बघ इर्मा, बघ! दोर उचलतोय का मेलेला साप?" मी पोट धरून हसले. पण शहरात उतरल्यावर तो ना चर्च बघे, ना बाजार. सारखा मागे वळून म्हणे, "चल, बोट सुटायची वेळ झाली." मला वाटलं, बरंच आहे, वेळेवर परततो.

बोटीवर चढता-उतरताना प्रत्येकाने कार्ड यंत्राला लावायचं असतं. म्हणजे कोण आत, कोण बाहेर, हे त्यांना कळतं. पाल्मा बंदरात बाचिच्चाने त्या टिंग आवाजाच्या गमतीत आत आल्यावर परत एकदा कार्ड लावलं. निघायच्या वेळी बोटीच्या कचेरीतली यानिना धावत आली. "सिन्योरा, तुमचे यजमान बाहेर दिसतायत!" यजमान बाथरूममध्ये दाढी करत होते. आम्ही दोघी हसलो. "यंत्राला म्हातारचळ लागलाय," मी म्हटलं, आणि माझं मलाच ते टोचलं.

सहाव्या दिवशी पालेर्मो. तिथे रस्त्यावर चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या घेतल्या. एक घास खाऊन बाचिच्चा म्हणाला, "आपल्या फारिनाताची सर नाही. तू करपवतेस, ती कडा बरी लागते." त्याला माझ्या चण्याच्या पिठाच्या पोळ्याची करपलेली कडा आठवत होती! भर रस्त्यात त्याचा मुका घ्यावासा वाटला. दोन दिवस उरले होते आणि मी पैज जिंकत होते.

चार वाजता बोटीवर परतलो. त्याचे बूट काढले, त्याला पलंगावर आडवा केला, आणि केस धुऊन सेट करून घ्यायला वरच्या मजल्यावर गेले. जेवणाला जरा छान दिसावं म्हणून. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्याला एकटं सोडलं. डोकं बेसिनमध्ये असताना पहिला भोंगा ऐकू आला. मी डोळे मिटूनच होते.

तेवढ्यात सलूनमधला फोन माझ्यासाठी आला. यानिना होती.

"सिन्योरा, कार्ड पुन्हा बाहेर दाखवतंय. खोलीतला फोनही कुणी उचलत नाही. पाच मिनिटांत शिडी काढतील. मी खोलीत माणूस पाठवू?"

माणूस गेला असता तर बाचिच्चा त्याच्याशी काय बोलला असता, देव जाणे. आदल्याच दिवशी त्याने खोली झाडणाऱ्याला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली होती.

"नको, नको! घोरत पडलाय तो," मी म्हटलं. "आत्ताच बघून आले. कानातलं मशीन काढलं की तोफ डागली तरी ऐकू जात नाही त्याला. ते पाल्मासारखंच असणार."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली.

बाचिच्चाने कानात मशीन कधी घातलंच नव्हतं. विचारसुद्धा करावा लागला नाही मला. दोन वर्षांत खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं.

ओल्या केसांनीच खोलीत आले. पलंग रिकामा. बूट नाहीत. दुसरा भोंगा वाजला आणि मी डेककडे पळत सुटले. भोंगा ऐकून लोक बोटीकडे धावतात. माझा माणूस चाळीस वर्षं भोंगा ऐकला की धक्क्याकडे धावला होता.

डेकच्या कठड्याशी पोचले तेव्हा शिडी निघालेली होती. खाली शेवटच्या खुंट्याजवळ नारिंगी जाकिटातले तिघेजण, आणि मध्ये बाचिच्चा. कुणीतरी त्याला हातमोजे दिले होते. धंद्यातला माणूस त्यांना लगेच ओळखू येतो. दोर सैल झाला, त्याने फास उचलला, पाण्यात टाकला, आणि दोन्ही हात वर करून हलवले. सुटला. किती नेटकं केलं त्याने ते!

"बाचिच्चा!" मी किंचाळले. "अरे बाचिच्चा, मी इथे आहे!"

त्याने वर पाहिलं. टोपी काढली. "सुखरूप जा, बाई!" असं ओरडला, तो कुणालाही ओरडायचा तसंच.

मी शेजारच्या खलाशाची बाही धरली आणि दोन वर्षं कुणापाशी न बोललेलं बोलून टाकलं. "तो माझा नवरा आहे. त्याला स्मृतिभ्रंश झालाय. मी खोटं बोलले. बोट थांबवा." तो वायरलेसवर भराभर बोलू लागला.

बोट आणि धक्का यांमधलं पाणी रुंदावत होतं. बाचिच्चाने हातमोजे परत केले, तिघांच्या पाठीवर थापा मारल्या. ते आपला दोर गुंडाळायला वळले. सावोनात दोर सुटला की तो पिठाच्या गोदामाला वळसा घालून उजवीकडच्या गल्लीने दहा मिनिटांत घरी पोचायचा, आणि दारातूनच विचारायचा, "इर्मा, पानं घेतलीस का?"

इथेही तो उजवीकडेच वळला. भूक लागल्यासारखा, झपझप.