साडीखालचे कागद

यंत्रमागावर राबणारे हिलालआप्पा गेले तेव्हा त्यांच्या कादंबरीचं नाव गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं. चार वर्षांनी पुण्यात कुणीतरी तिच्यावर लेख लिहिला, तो या फोनवरून त्या फोनवर फिरला, आणि ज्यांनी उभ्या जन्मात यंत्रमाग पाहिला नाही अशी माणसं ‘केवढा मोठा लेखक आपल्या नजरेतून सुटला’ म्हणून हळहळू लागली. आप्पा जिवंत असताना ही मंडळी कुठे होती, ते विचारायची सोय नाही.

लेख लिहिणारी धनश्री कॉलेजात मराठी शिकवायची. पत्ता शोधत ती पर्वत पाटिया या साडी-कामगारांच्या वस्तीत आली, तेव्हा आप्पांच्या पत्नी, शोभाबाई, फरशीवर बसून साडीला टिकल्या चिकटवत होत्या. गुडघे गेले होते, डोळे निम्मे गेले होते, बोटं तेवढी चालत होती.

“आजी, पुस्तक पुन्हा छापायचंय,” धनश्री म्हणाली. “धुळ्याच्या वाचनालयात एकच प्रत सापडली, पण तिचं शेवटचं पान वाळवीनं खाल्लंय. तुमच्याकडे प्रती असतील ना?”

होत्या. चांगल्या दोनशे होत्या. न खपलेले गठ्ठे माळ्यावर पडून होते. टिकली लावताना डिंक झिरपतो आणि खालची घडी चिकटते, म्हणून साडीच्या घडीत कागद घालावा लागतो. बाकीच्या बाया रद्दी आणायच्या. शोभाबाईंनी नवऱ्याची कादंबरी घातली.

“सगळी?” धनश्रीनं विचारलं.

“समदी, माय. शेवटनं पान आधी फाडं.”

मग त्यांनी सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिलं मूल अकरा दिवसांचं होऊन गेलं, त्या दिवसांत एका दुपारी शोभाबाई तापीच्या पुलावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. बराच वेळ उभ्या होत्या. मग घरी आल्या, स्टोव्ह पेटवला आणि नवऱ्याला विचारलं, “च्या टाकू का?” त्यावर दोघं पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत. बोलले नाहीत, पण आप्पांना कुठून तरी कळलं होतं, आणि त्यांनी ते लिहिलं. एका सुट्टीच्या दिवशी वहीतून वाचून दाखवलं. त्यातली नायिका, गोजर, पुलावर जाते आणि परत येत नाही.

“मी वापस ऊनी ना!” शोभाबाई तेव्हा किंचाळल्या होत्या. “तुम्ही माले कसाले मारं?”

आप्पांनी वही मिटली. वर्षभराने पुस्तक छापून आलं, तेव्हा त्यांनी ते बायकोच्या हातात दिलं. म्हणाले, “अक्षरं शिक. मी शिकाडस. तू स्वतः वाच.”

“मनं मरन मीच वाचू का?” म्हणत शोभाबाईंनी पुस्तक भिरकावलं. शिकतेस का, असं आप्पांनी पुढेही दोनदा विचारून पाहिलं. दोघंही हट्टी, कोण कोणाला सांगणार! पुढे साड्यांना कागद हवा म्हणून शोभाबाईंनी पहिली प्रत उघडली, तेव्हा आप्पा दारात उभे होते. “शेवटनं पान तरी ठेव,” एवढंच म्हणाले. शोभाबाईंना वाटलं, काय ही लेखकाची मिजास. त्यांनी आप्पांच्या डोळ्यांदेखत शेवटचंच पान टरकावलं, आणि मग प्रत्येक प्रतीची सुरुवात तिथूनच केली.

“एखादं पानही नाही उरलं?” धनश्रीनं विचारलं.

शोभाबाईंनी कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. त्या पहिल्याच दिवशी एका साडीत डिंक जास्त झाला, कागद कायमचा चिकटला आणि शेठनं माल परत केला. ती साडी इतकी वर्षं पेटीवर अंथरलेली होती. त्यांनी ती ओढली, उलटी केली.

धनश्रीनं चिकटलेल्या पानाचा आकडा पाहिला. एकशे त्रेचाळीस. धुळ्याची प्रत एकशे बेचाळीसवर संपत होती, गोजर पुलावर उभी असताना. ती बुडालीच असं धरून धनश्रीनं लेखात त्या शेवटाचं भरभरून कौतुक केलं होतं. आता ती थांबत थांबत वाचू लागली.

“गोजर मागे फिरली. घरी येऊन तिनं स्टोव्ह पेटवला. ‘च्या टाकू का?’ तिनं विचारलं. तो हो म्हणाला. एवढंच म्हणाला. आणखी काही बोलायला हवं होतं, हे त्याला जन्मभर वाटत राहिलं.”

पुढे कोरं होतं. धनश्री घाईघाईनं फोन काढून फोटो घेऊ लागली. पुण्याला कधी कळवते असं तिला झालं होतं. शोभाबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. हे पान त्यांनी या हातांनी दोनशे वेळा फाडलं होतं.

“हाई पानमा गोजर कोठे शे? दखाड,” त्या म्हणाल्या.

धनश्रीनं त्यांचं बोट धरून त्या नावावर नेऊन ठेवलं. शोभाबाई बोट फिरवत राहिल्या. वरचा डिंक वाळून काचेसारखा झाला होता, बोटाला काहीच लागत नव्हतं.