लाल जास्त की बटणं जास्त?

या मित्रांनो, अगदी जवळ सरकून बसा. माझा आवाज माझ्याएवढाच लहान आहे. गोष्ट मात्र खरीखुरी सांगेन.

मी एक जुने तपकिरी बटण आहे. लाकडाचे, चार भोकांचे. एका म्हाताऱ्याच्या कोटावर मी वीस हिवाळे काढले. कोट विरला, तेव्हा आम्ही तिघे भाऊ शिलाईवाल्या मावशीच्या पत्र्याच्या डब्यात आलो.

मावशीची भाची ठमी तेव्हा तीन वर्षांची होती. मशीन घरघरत असे आणि ही खाली बसून बटणांचा संसार मांडत असे. मी मोठे, म्हणून मी आई. शर्टाची चिमुकली बटणे माझी पोरे. काय तो थाट!

पाचव्या वर्षी पोरीची नजर फिरली. तिला रंग दिसू लागले. आठ लाल काचेची बटणे मधोमध मांडायची, आम्हा तिघांना कोपरा. माझा नुसता जळफळाट होई. एकदा मावशीने ती अकरा बटणे पुढे ठेवून विचारले, "ठमे, लाल जास्त की बटणं जास्त?"

"लाल! ही तर तीनच आहेत."

"अगं वेडे, मग लाल काय चमचे आहेत?"

ठमीला कळले नाही. मला मात्र ते जिव्हारी लागले. लाल म्हणजे कुणी थोर, आणि आम्ही आपली नुसती बटणे!

पुढे माझे भाऊ हरवले. सात लाल बटणे एका झग्यावर गेली. ठमी आठ वर्षांची झाली, तेव्हा मावशीने डबा उपडा केला.

"जोडीची ठेव, एकटी केरात टाक."

उरलेले लाल एकटे, मीही एकटे. वाटले, लाल वाचणार. पण ठमीने दोघांना उचलले.

"मावशी, ही झाली जोडी."

"रंग बघ की गं बये!"

"रंग मी लहानपणी बघायचे. दोन्ही बटणंच ना?"

दप्तर बंद करायला तिने आम्हाला आपल्या दप्तरावर शिवले. तरी माझा मत्सर जाईना. लाल वर, मी खाली! देव मला क्षमा करो, मी रोज मनात म्हणे, हे एकदा तुटून पडू दे.

एके दिवशी शाळेच्या वाटेवर, वळणावर त्याचा धागा तुटला. लाल गेले. तेव्हापासून दप्तर अर्धे उघडे राहते, ठमीच्या पेन्सिली सांडतात, आणि मला एकट्याला ओझे पेलत नाही.

मित्रांनो, आपल्या बटणांचे धागे वेळीच बघत जा. आणि रस्त्यात कुठे लाल काच चमकली, तर त्या लाल बटणाची आठवण काढा. ते माझ्या जोडीचे होते.