सरस शिकारी

थोरल्याने पाटीचा पहिला स्क्रू काढला आणि दात-ओठ खात दुसऱ्याला हात घातला. संग्रहालयाच्या नव्या दालनात, गरुड आणि खोल समुद्रातला शार्क यांच्या बरोबर मध्ये, संचालकांनी ती सकाळीच बसवून घेतली होती: ‘सरस शिकारी कोण?’

“राहू दे ना,” धाकटा म्हणाला. तो शार्कच्या पोटाखाली बसून आधाराची लोखंडी दांडी रंगवत होता.

“काय राहू दे? एक भर उन्हात आभाळातून ससा हेरतो. दुसरा, जिथे ऊन पोचतच नाही तिथे वासावर पोट भरतो. यांची गाठ पडणार कुठे? पडलीच तर एक बुडून मरेल नाहीतर दुसरा गुदमरून. म्हणे सरस कोण.”

“साहेबांना सांग.”

“सांगितलं. म्हणाले, लोकांना चुरस आवडते.”

धाकटा नुसता हसला. चुरस त्यांच्या घरात पाचवीला पुजलेली होती. प्राण्यांच्या प्रतिकृती घडवायला बाबांनीच दोघांना शिकवलं आणि दरवेळी दोघांचं काम शेजारी-शेजारी मांडून निकाल दिला. थोरला चटपटीत, धाकटा गोगलगाय. निकाल काय लागणार हे शेजाऱ्यांनाही पाठ होतं. कामावर आपलं नाव घालायचं नाही, हाही बाबांचाच नियम. हात थरथरू लागल्यापासून ते कार्यशाळेत फिरकले नव्हते. आज धाकट्याने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं आणि इस्त्रीचा शर्ट घालून तो रंगकामाला बसला होता.

बाबा आले, चष्मा लावून थेट शार्कपाशी गेले. जबड्यापासून शेपटीपर्यंत सावकाश चालले, पुन्हा मागे आले.

“याला म्हणतात काम,” ते थोरल्याला म्हणाले. “कातडी बघ, हात लावला तर हातच सोलून निघेल. आणि हा डोळा. मेल्यासारखा आहे, तरी बघतोय. माझ्या हातून नसतं झालं हे.” त्यांनी थोरल्याची पाठ थोपटली. “आणि हे चिरंजीव दांडी रंगवतायत. चालू दे.”

धाकट्याचा ब्रश जागच्या जागी थांबला. त्याचे कान लाल झाले होते.

थोरल्याला हसू आवरेना. शाबासकी आपली नाही याचा इतका आनंद त्याला कधीच झाला नव्हता.

“बाबा, शार्क याने केलाय. माझा तो गरुड.”

बाबांनी एकदा धाकट्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा वाकले आणि कल्ल्यांच्या चिरांवरून अंगठा फिरवू लागले.

“तरीच,” ते म्हणाले. “इथे जरा घाई झालीय.”

“झाली असेल,” धाकटा म्हणाला आणि दांडी रंगवू लागला.

घाई! जन्मभर ज्याला गोगलगाय म्हणून हिणवलं, त्याची घाई. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांनी चष्मा काढून मिटला आणि खिशात ठेवला. तो नसला की त्यांना हातभरावरचं माणूस ओळखू येत नसे. मग ते गरुडाच्या दिशेने वळले.

“गरुड मात्र उत्तम जमलाय,” ते म्हणाले.

थोरल्याने त्यांच्या खिशातून चष्मा काढला, उघडला आणि त्यांच्या हातात दिला.

“आधी बघा,” तो म्हणाला.